क्रॅब नेब्युलात गॅमा किरणांचा भडका उडतो, पण नेमका कुठे? दुर्बिणींनी घेतलेल्या शोधाची गोष्ट

२२ सप्टेंबर २०१० रोजी जगभरातल्या खगोलशास्त्रज्ञांकडे एक छोटी सूचना पोहोचली. 'अ‍ॅस्ट्रॉनॉमर्स टेलिग्राम' नावाची एक सेवा आहे. आकाशात अचानक काही घडलं की संशोधक तिथे चार ओळी टाकतात आणि ज्याच्या हाताशी दुर्बीण असेल तो ती त्या दिशेला वळवतो. त्या दिवशीची सूचना इटलीच्या 'अजिले' उपग्रहाच्या गटाकडून आली होती. क्रॅब नेब्युलातून येणारे गॅमा किरण अचानक कित्येक पटींनी वाढले आहेत, असं त्यात म्हटलं होतं. दुसऱ्याच दिवशी नासाच्या 'फर्मी' दुर्बिणीच्या गटानेही दुजोरा दिला.

बातमी धक्कादायक होती, कारण क्रॅब नेब्युला बदलत नाही असंच सगळे धरून चालले होते.

मोजपट्टीच हलली

क्ष-किरण आणि गॅमा किरणांच्या खगोलशास्त्रात क्रॅब नेब्युलाचं स्थान वाण्याच्या दुकानातल्या प्रमाणित वजनासारखं आहे. नवी दुर्बीण अवकाशात गेली की ती आधी क्रॅबकडे रोखायची, किती प्रकाश येतो ते पाहायचं आणि त्यावरून यंत्र जुळवून घ्यायचं. इतर वस्तूंची तेजस्विता तर चक्क 'क्रॅब' आणि 'मिलिक्रॅब' या एककांत सांगतात.

२०१० सालीच या समजाला पहिला तडा गेला होता. फर्मीवरच्या एका उपकरणाच्या नोंदी तपासताना क्रॅबचे क्ष-किरण दोन वर्षांत सुमारे ७ टक्क्यांनी मंदावल्याचं दिसलं. आधी यंत्रावरच संशय घेतला गेला, पण इतर तीन उपग्रहांच्या नोंदींतही तीच घट होती. त्यापाठोपाठ सप्टेंबरचा भडका आला. मग जुन्या नोंदी उकरल्या गेल्या, तेव्हा असे भडके आधीही उडून गेल्याचं कळलं. अजिलेने ऑक्टोबर २००७ मध्ये आणि फर्मीने फेब्रुवारी २००९ मध्ये ते टिपले होते.

अजिलेचं भारताशी नातं आहे. २३ एप्रिल २००७ रोजी श्रीहरिकोटाहून इस्रोच्या पीएसएलव्ही-सी८ रॉकेटने हा साडेतीनशे किलोचा उपग्रह कक्षेत सोडला होता. बाजूचे बूस्टर न लावता झालेलं पीएसएलव्हीचं हे पहिलंच उड्डाण, आणि मुख्य प्रवासी परदेशी ग्राहकाचा उपग्रह असल्याने इस्रोच्या व्यावसायिक वाटचालीतही त्याला महत्त्व आहे. क्रॅबच्या भडक्यांच्या शोधासाठी अजिलेचे प्रमुख मार्को तवानी आणि त्यांच्या गटाला २०१२ चा ब्रुनो रॉसी पुरस्कार मिळाला.

क्रॅब नेब्युला म्हणजे काय?

नावात खेकडा असला तरी त्याचा कर्क राशीशी संबंध नाही. तो वृषभ राशीत आहे, पृथ्वीपासून सुमारे ६,५०० प्रकाशवर्षांवर. इ.स. १०५४ मध्ये तिथे एका मोठ्या ताऱ्याचा स्फोट दिसला. चिनी निरीक्षकांच्या नोंदींनुसार तो २३ दिवस भरदिवसाही दिसत होता. आपल्याकडे कुणी तो टिपून ठेवला होता का, हे पाहण्यासाठी डॉ. जयंत नारळीकर आणि संस्कृतच्या अभ्यासक डॉ. सरोजा भाटे यांनी जुनं साहित्य धुंडाळलं होतं, पण निर्विवाद म्हणावी अशी नोंद हाती लागली नाही.

त्या स्फोटातून दोन गोष्टी उरल्या. एक म्हणजे अजूनही पसरत असलेला, सुमारे ११ प्रकाशवर्षं रुंदीचा तेजोमेघ. दुसरी म्हणजे मधोमध बसलेला पल्सर, म्हणजे गरगर फिरणारा न्यूट्रॉन तारा. त्याचा व्यास जेमतेम वीसेक किलोमीटर, एखाद्या शहराएवढा. वस्तुमान मात्र सूर्यापेक्षा जास्त, आणि तो सेकंदाला सुमारे ३० वेळा स्वतःभोवती फिरतो. त्याची फिरकी हळूहळू मंदावते आहे आणि त्यातून सुटणारी ऊर्जा कणांच्या वाऱ्याच्या रूपात बाहेर पडते. सगळा तेजोमेघ याच ऊर्जेवर झगमगतो.

म्हणजे वीजकेंद्र कुठे आहे हे माहीत आहे. भडका मात्र वीजकेंद्रात उडाला की तिथून निघालेल्या तारांवर कुठेतरी, हे शोधायचं होतं.

गॅमा दुर्बिणीने थेट जागा का दाखवली नाही?

डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका कणात साधारण २ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा असते. भडक्यातल्या गॅमा कणांची ऊर्जा १० कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि त्याहून जास्त होती, म्हणजे पाच कोटी पट. असा कण आरशावरून परावर्तित होत नाही आणि भिंगातून वळत नाही. फर्मीसारख्या दुर्बिणीत तो धातूच्या पातळ पत्र्यावर आदळतो, त्यातून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनची जोडी निघते आणि त्या जोडीच्या मार्गावरून मूळ कण कुठून आला याचा अंदाज बांधला जातो.

हा अंदाज ढोबळ असतो. या ऊर्जेला एकेका कणाची दिशा काही अंशांच्या फरकानेच कळते. आकाशात पूर्णचंद्र अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणजे दुर्बिणीला दिसतो तो दहाएक चंद्र शेजारी शेजारी मांडल्यासारखा धूसर डाग. अख्खा क्रॅब नेब्युला चंद्राच्या पाव भागाएवढाही नाही. हजारो कण जमवले की डागाचा मध्य बऱ्यापैकी नेमका सांगता येतो आणि तो क्रॅबवर येतो. पण क्रॅबच्या आत कुठे, हे त्यातून कळत नाही.

म्हणून बाकीच्या तरंगलांबींकडे वळावं लागतं. चंद्रा दुर्बीण क्ष-किरणांत अर्ध्या आर्कसेकंदापर्यंतचा, म्हणजे एका अंशाच्या सुमारे सात हजाराव्या भागापर्यंतचा तपशील दाखवते. हबल त्याहून बारीक पाहते. हवाईतली केक दुर्बीण अवरक्त प्रकाशात आणि अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोतली व्हीएलए रेडिओ लहरींत चित्र काढते. गॅमा किरणांत भडका उडाला त्याच वेळी यांपैकी एखाद्या चित्रात एखादा ठिपका उजळला, तर जागा सापडली, असा साधा हिशोब होता.

संशयितांची यादी

पहिली शंका होती, हा क्रॅबच आहे ना? गॅमा आकाशात अचानक भडकणाऱ्या वस्तू बहुतेक वेळा दूरच्या दीर्घिकांच्या केंद्रांतली कृष्णविवरं असतात. क्रॅबच्या मागे नेमकी तशी एखादी दीर्घिका असती, तर धूसर डागात दोन्ही एकच दिसले असते. पण क्ष-किरणांत त्या भागात नवं काहीही उजळलेलं नव्हतं. भडक्याच्या गॅमा किरणांचा वर्णपटही क्रॅबच्या नेहमीच्या वर्णपटाला पुढे जोडल्यासारखा होता.

दुसरा संशयित खुद्द पल्सर. इथे वेळेचा उपयोग झाला. पल्सरचे गॅमा किरण सेकंदाला ३० वेळा टिकटिकत येतात, त्यामुळे ते बाकीच्यांपासून वेगळे काढता येतात. तसे काढले तेव्हा पल्सरच्या वाट्यात काहीच वाढ नव्हती. रेडिओ दुर्बिणींनी त्याची फिरकी तपासली. न्यूट्रॉन तारे अधूनमधून एकदम किंचित वेग घेतात, तसलाही धक्का बसलेला नव्हता. जादा प्रकाश टिकटिकत नव्हता, म्हणजे तो पल्सरबाहेरच्या तेजोमेघातून येत होता.

उरला तेजोमेघ. स्विफ्ट, इंटिग्रल आणि आरएक्सटीई या उपग्रहांनी त्याचे एकूण क्ष-किरण मोजले. बदल शून्य. अतिउच्च ऊर्जेच्या गॅमा किरणांत गोंधळ झाला. तिबेटमधल्या आर्गो-वायबीजे प्रयोगाने वाढ दिसल्याचं कळवलं, पण कॅनरी बेटांवरच्या मॅजिक आणि अमेरिकेतल्या व्हेरिटास या दुर्बिणींना नेहमीचाच क्रॅब दिसला.

चंद्राने क्रॅबचं चित्र घेतलं २८ सप्टेंबरला, हबलने २ ऑक्टोबरला. भडका मात्र चारेक दिवसांत, साधारण २२ तारखेपर्यंत ओसरला होता. त्या चित्रांत पल्सरजवळच्या काही उजळ ठिपक्यांकडे बोट दाखवलं गेलं. त्यातला एक भाग ऐरणीच्या आकाराचा असल्याने त्याला तेच नाव आहे. अडचण अशी की क्रॅबच्या मध्यभागी तेजाच्या रेषा कायम हलत असतात, काही तर प्रकाशाच्या जवळपास निम्म्या वेगाने. तिथे ठिपके एरवीही उजळतात आणि विझतात. चोरी झाल्यानंतर आठवड्याने गल्लीत कुणीतरी दिसलं, म्हणून तोच चोर ठरत नाही.

एप्रिल २०११: या वेळी दुर्बिणी तयार होत्या

पहिल्या वेळेची चूक पुन्हा नको म्हणून चंद्रा साधारण दर महिन्याला क्रॅबचं चित्र घेऊ लागली. त्यामुळे भडका नसतानाचा क्रॅब कसा हलतो याची नोंद हाताशी आली. शिवाय भडका उडालाच तर वेळापत्रक मोडून तिकडे वळायचं, असंही ठरलं होतं.

१२ एप्रिल २०११ च्या सुमारास तो उडाला, आणि त्याआधीच्या सगळ्यांना लाजवेल असा. नऊएक दिवस चाललेल्या या भडक्यात तेजोमेघाचे १० कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचे गॅमा किरण शिखरावर असताना सरासरीच्या सुमारे तीसपट झाले. चढताना ते अवघ्या आठ तासांत दुप्पट होत होते.

या आठ तासांतून एक महत्त्वाची गोष्ट कळते. कोणतीही वस्तू तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रकाश पोहोचायच्या आत एकसाथ उजळू शकत नाही. म्हणून भडक्याची जागा साधारण आठ प्रकाशतासांपेक्षा मोठी नसावी. हे अंतर नेपच्यूनच्या कक्षेच्या व्यासाएवढं भरतं. ऐकायला प्रचंड, पण क्रॅबच्या मानाने नगण्य. अख्खा तेजोमेघ ११ किलोमीटर रुंदीचं शहर मानलं, तर त्यातला जेमतेम एक मीटरचा तुकडा पेटला होता.

भडका चालू असतानाच चंद्राने चित्रं घेतली, केक आणि व्हीएलए यांनीही घेतली. नासाचे मार्टिन वाइसकॉफ आणि सहकाऱ्यांनी त्यांचं विश्लेषण २०१३ मध्ये प्रसिद्ध केलं. क्ष-किरणांत बारीकसारीक इशारे होते, पण योगायोग नाही असं छातीठोक सांगता येईल असा एकही बदल कुठेच सापडला नाही. पल्सरपासून एका आर्कसेकंदाच्या आत एक छोटी तेजस्वी गाठ दिसते, जिच्यावर अनेकांचा डोळा होता. केकच्या चित्रांत तीही गप्प होती.

मार्च २०१३ मध्ये आणखी एक मोठा भडका आला. हबल, चंद्रा आणि केक यांच्या मोहिमेत या गाठीवर खास लक्ष दिलं गेलं. गाठ पल्सरपासून किती दूर आहे, त्यावर तिचा आकार आणि तेज ठरतं, असं एक छान नातं त्यातून सापडलं. भडक्याचा पत्ता मात्र नाही.

काहीच न दिसणं हाही पुरावा

सोशल मीडियावर अशा बातम्यांखाली 'एवढ्या दुर्बिणी लावून हाती काय लागलं' असा सूर दिसतो. इथे मात्र दुर्बिणींच्या या रिकाम्या हातांनीच बरंच काही सांगितलं.

इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात वळतो तेव्हा प्रकाश सोडतो आणि त्यात आपली ऊर्जा घालवतो. क्रॅबचा बहुतेक प्रकाश असाच तयार होतो. भडक्यात सगळ्या ऊर्जांचे इलेक्ट्रॉन वाढले असते, तर क्ष-किरण, दृश्य प्रकाश, रेडिओ असं सगळंच थोडंफार उजळलं असतं. फक्त गॅमा किरण वाढले, याचा सरळ अर्थ असा की मोजकेच, पण अफाट ऊर्जेचे आणि जवळपास सारख्याच ऊर्जेचे इलेक्ट्रॉन तयार झाले. त्यांचा क्ष-किरणांतला वाटा इतका कमी असतो की दिवाळीची रोषणाई केलेल्या गावात एका पणतीची वात पुढे सरकवावी तसं होतं. गॅमा किरणांच्या त्या पट्ट्यात मात्र बाकीचा तेजोमेघ मंद असतो, म्हणून तिथे पणती दिसते.

हे इलेक्ट्रॉन किती जोरदार असावेत? सुमारे एक पेटाइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे एकावर पंधरा शून्य. जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमधल्या प्रोटॉनला मिळते त्याच्या दीडशेपट ऊर्जा एकेका इलेक्ट्रॉनमध्ये. असे कण क्रॅबमध्ये खरंच आहेत, याचा वेगळा पुरावा २०२१ मध्ये मिळाला. चीनच्या लहासो वेधशाळेने क्रॅबकडून आलेला १.१ पेटाइलेक्ट्रॉनव्होल्टचा एक गॅमा कण टिपला, आणि तो निर्माण करायला त्याहून जोरदार इलेक्ट्रॉन लागतो.

इथे आणखी एक पेच पडतो. घाटातून गाडी चालवताना प्रत्येक वळणावर वेग कमी करावा लागतो. कितीही दमदार इंजिन असलं तरी घाटात गाडी एका मर्यादेपलीकडे पळत नाही. इलेक्ट्रॉनचं तसंच आहे. विद्युत क्षेत्र त्याला ढकलतं, चुंबकीय क्षेत्र वळवतं आणि वळताना प्रकाशाच्या रूपात ब्रेक लागतो. विद्युत क्षेत्र चुंबकीय क्षेत्रापेक्षा प्रबळ नसेल, तर यातून निघणाऱ्या प्रकाशाची ऊर्जा साधारण १६ कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टच्या फार पुढे जात नाही. २०११ च्या भडक्याचं शिखर सुमारे ३७.५ कोटींवर होतं, मर्यादेच्या दुपटीहून जास्त.

मग घाटात कुठेतरी सरळसोट रस्ता असला पाहिजे. एकमेकांच्या उलट दिशेच्या चुंबकीय रेषा जवळ येऊन तुटतात आणि नव्याने जोडल्या जातात, तेव्हा मधल्या पातळ थरात चुंबकीय क्षेत्र जवळजवळ नाहीसं होतं आणि विद्युत क्षेत्र प्रबळ ठरतं. त्या पट्ट्यात इलेक्ट्रॉन फारसा न वळता सुसाट वेग घेतो आणि बाहेर पडून पुन्हा चुंबकीय क्षेत्रात शिरताच सगळी ऊर्जा गॅमा किरणांत ओकतो. या प्रक्रियेला चुंबकीय पुनर्जोडणी म्हणतात. सूर्यावरच्या ज्वाळांमागेही हीच असते. दुसरा पर्याय असा की पेटलेला तुकडा प्रकाशाच्या जवळपास वेगाने आपल्या दिशेने येत असेल. मग किरणांची ऊर्जा मुळात असते त्यापेक्षा जास्त भासते आणि तुकड्याच्या आकाराचा वरचा हिशोबही बदलतो. दोन्ही एकत्र घडत असण्याचीही शक्यता आहे. सध्या पारडं पुनर्जोडणीकडे झुकलेलं आहे. पण ती तेजोमेघात नेमकी कुठे होते, हा मूळ प्रश्न तसाच आहे.

आता शोध कुठवर आलाय?

फर्मी दर तीन तासांनी सगळं आकाश एकदा पाहते. क्रॅबमध्ये साधारण वर्षाला एक या हिशोबाने भडके दिसत राहिले आहेत, काही मोठे, बरेचसे किरकोळ. अजिलेचं काम जानेवारी २०२४ मध्ये थांबलं आणि पुढच्याच महिन्यात तो वातावरणात शिरून जळून गेला.

प्रकाश किती आला यासोबत तो कोणत्या दिशेने कंप पावतो, म्हणजे त्याचं ध्रुवीकरण, हेही आता मोजलं जातं. त्यावरून चुंबकीय रेषांची मांडणी कळते आणि पुनर्जोडणीच्या जागा शोधायला तीच हवी आहे. यात भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहाचं काम मोलाचं ठरलं. त्यावरच्या सीझेडटीआय या उपकरणाने क्रॅबच्या क्ष-किरणांचं ध्रुवीकरण मोजलं आणि २०१७ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पल्सरची टिकटिक जवळपास थांबलेली असते त्या क्षणांतही ध्रुवीकरण बदलत होतं, आणि हे कुणाला अपेक्षित नव्हतं. हे उपकरण उभारण्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे आणि त्याच्या नोंदींचं काम पुण्याच्या आयुकात चालतं. २०२१ च्या डिसेंबरमध्ये गेलेल्या नासाच्या आयएक्सपीई उपग्रहाने तर अख्ख्या तेजोमेघाचा ध्रुवीकरणाचा नकाशाच काढला.

क्रॅब नेब्युला स्वतः पाहायचा असेल, तर डिसेंबर-जानेवारीच्या रात्री वृषभाच्या दक्षिणेकडच्या शिंगाच्या टोकावरचा तारा शोधावा. त्याच्या अगदी जवळ, काळोख्या आकाशात, लहान दुर्बिणीतूनही एक फिकट पांढुरका डाग दिसतो. तिथे भडका चालू असला, तरी त्या डागात डोळ्यांना काहीही फरक जाणवत नाही.